पिल्लांची मागणी

खोलीत शिरताना काकाजी आधी नाक वर करत. एक चप्पल पायात, एक हातात, आणि नाक हवेत. मग हलकेच म्हणत, "कोनीतरी नाराज हाये इथं."

तुमच्या-आमच्या नाकाला तिथे मांजराच्या मुताचा वास आला असता. काकाजींना नाराजी यायची.

ते रेल्वेत गार्ड होते आणि जन्मभर युनियनमध्ये. निवृत्त झाल्यावर गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या आपल्या घराची पुढची खोली त्यांनी आमच्या मंडळाच्या वाचनालयाला दिली. दर रविवारी तिथे बैठक व्हायची. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवरून. मातीच्या भिंतीचे पोपडे पडू नयेत म्हणून बाबांनी घरभर जयंतीची, मोर्चांची पत्रकं चिकटवली होती. त्यामुळे छापलेल्या कागदावर माझी श्रद्धा होती, आणि जो कागदापेक्षा दुसऱ्या कशाकडे जास्त लक्ष देतो त्याच्यावर राग.

त्या वर्षी कपाटामागे एका मांजरीनं तीन पिल्लं घातली आणि थोड्याच दिवसांत ती मांजरी रस्त्यावर ट्रकखाली गेली. काकाजींनी पिल्लांना मुतायला म्हणून सफरचंदाची एक लाकडी पेटी आणली. पिल्लांना चढता यावं म्हणून तिची एक बाजू कापली, आत राईस मिलमधला भुसा भरला आणि पेटी दाराशी ठेवली, चपलांच्या शेजारी. भुसा बाहेर फेकायला सोपं.

पिल्लं पेटीत खेळली. पेटीत झोपली. मुतायला मात्र सतरंजीवर, वर्तमानपत्रांवर गेली, आणि एका रविवारी त्यातली काळी माझ्या नव्या कोऱ्या पत्रकांवर. छापखान्यातून गठ्ठा नुकताच आला होता.

"काकाजी, सगळा गठ्ठा गेला."

"वरचेच ओले झाले. खालचे वाट."

"तुमी तिले काहीच नाई म्हननार?"

"काय म्हनू? तिनं निवेदन देलं हाये. मागनी काय हाये ते पाहू."

मंडळातल्या बायांनी फिनाईल आणलं आणि पेटीसकट सगळी खोली धुतली. पिल्लं पेटीपासून आणखी लांब गेली. काकाजींनी फिनाईलची बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली. मग पोटावर आडवे होऊन, हनुवटीखाली हात घेऊन, ते पिल्लांकडे बघत राहिले. अख्खी दुपार.

मला हेवा वाटला. त्या पिल्लांचा, हो. कारण जे पत्रक भिजलं ते माझ्या आईबद्दल होतं.

आई आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायची. बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. तिला लघवीला आग होऊ लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. घरी येऊन ती मला म्हणाली, "पानी पेवाले काय जाते? मंग जाऊ कुठं?"

बाजारात बायांसाठी मुतारी नव्हती असं नाही. होती, टाइल्स लावलेली. आम्ही कचेरीत निवेदन घेऊन गेलो की साहेब म्हणायचे, "बांधून दिली आहे. तुमच्या बायकाच जात नाहीत. सवय नाही त्यांना." त्यावर मी जळजळीत पत्रक लिहिलं. काकाजींनी ते वाचलं, "जोरदार हाये" म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले. माझ्या लिहिण्यावर ते कधी असे पोटावर पडून राहिले नव्हते.

संध्याकाळी ते उठले. "इथं सगळ्याइच्या चपला. येता-जाता पाय. तू बसशीन का इथं?" मग त्यांनी पेटी कपाटामागे नेली, जिथं पिल्लं जन्मली होती तिथंच, आणि दुसरी एक खाटेखाली सरकवली. सतरंजी साबणानं धुऊन उन्हात टाकली. आठवडाभरात दोन पिल्लं सुधारली. तिसरी, काळी, थेंब-थेंब करत फिरायची. "हिले आग होऊन राहिली असन," काकाजी म्हणाले आणि तिला भाजीच्या पिशवीत घालून गोंदियाला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

ते परत आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"माह्या मायलेबी हेच होऊन राहिलं काकाजी. तिच्यासाठी तं कोनी लोळून पाहिलं नाई."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. पिशवीतून काळीनं डोकं काढलं.

"चाल मंग," ते म्हणाले. "बाजाराच्या दिवशी पाहू."

त्या दिवशी मी आईजवळ बसले. काकाजी मुतारीसमोरच्या चहाच्या टपरीवर, बाकावर. तिथून दार नीट दिसत होतं. त्यांनी चहा मागवला, पाय पसरले आणि बघू लागले. बाकावर आणखी चार-पाच माणसं चहा पीत, विड्या ओढत बसलेली. एक बाई पदर सावरत मुतारीकडे आली, थबकली, जणू काही विसरलं असं दाखवून परत गेली. थोड्या वेळानं दुसरी आली. तीही तशीच वळली. आईनं तिकडे बघितलंही नाही.

मी उठून टपरीवर गेले.

"काकाजी, उठा."

"काऊन? आताच तं बसलो."

"तुमी बसले ना, तेच पाहून बाया वापस जाऊन राहिल्या. दार या बाकासमोर हाये. ही तुमची चपलांजवळची पेटी होय."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग बाकाकडे, मग स्वतःच्या पसरलेल्या पायांकडे. अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "उठ गा. चाल, उठ."

त्यानंतरचं पत्रक मी फार साधं लिहिलं. दार मागच्या बाजूला फिरवा, समोर आडभिंत घाला, आतून कडी बसवा. एवढंच. त्यात एकही घोषणा नव्हती. खेपा घालाव्या लागल्या, साहेब बदलले, पण दार फिरलं. आई बाजारात टोपलीबरोबर पाण्याची बाटली न्यायला लागली.

आणि लोक काय म्हणाले असतील? "काकाजीनं बराबर शोधलं." काकाजी दर बैठकीत सांगत, "पोरीनं शोधलं बाप्पा. मी तं दाराले आडवा बसलो होतो." लोक हसत. त्यांना तो काकाजींचा मोठेपणा वाटे. मी तिथंच पत्रकांच्या घड्या घालत बसलेली असे, दात आवळून. पत्रक माझं, शोध माझा, आई माझी, आणि माणसं मात्र त्यांची. याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

दोन पिल्लं लोकांनी नेली. काळी राहिली. वर्षानुवर्षं ती कपाटामागच्या पेटीत इमानानं जायची, आणि काकाजी नाक वर करून म्हणायचे, "आज सगळे राजी हायेत."

मग ते न्हाणीत पडले. मुलगी येऊन त्यांना रायपूरला घेऊन गेली. जाताना मला म्हणाले, "भुसा बदलत जाय. मी आलोच." पावसाळा गेला, धान कापून झालं. मग रायपूरहून निरोप आला.

त्यानंतरच्या रविवारी मी कुलूप उघडलं आणि दारातच नाक वर केलं. काळी काकाजींच्या खुर्चीवर बसली होती. खुर्चीतली गादी ओली होती. पेटी जागेवर होती, भुसा ताजा होता, वाटेत कुणाची चप्पल नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनीही तिला तपासून काही नाही म्हणून सांगितलं. बाया म्हणाल्या, "फिनाईल आन." मी आणलं नाही. गादी साबणानं धुऊन उन्हात टाकली आणि संध्याकाळी पुन्हा खुर्चीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओली.

मागणी काय आहे, ते मला पाहावं लागलं नाही.

त्यांच्या शोकसभेचं पत्रक मलाच लिहायचं होतं. कागद समोर घेऊन मी बराच वेळ बसून राहिले, एक ओळ सुचेना. काळी खुर्चीवर चढली, गोल फिरली आणि बसली. मी तिच्याकडे बघत राहिले. तिचं निवेदन देऊन झालं होतं.