लिहून दिलेली नदी

लेखन करण्याचा कोणताही अधिकार माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो. नांदेडच्या शाळेत आयुष्यभर दुसऱ्यांचे निबंध तपासले. लाल शाईच्या शेऱ्यांपलीकडे स्वतःचे असे वाक्य कागदावर उतरवण्याचे धैर्य कधी झाले नाही. निवृत्तीनंतर सुचलेला हा आगाऊपणा वाचकांनी सोसून घ्यावा. भीड मोडावी लागली ती लातूरच्या माझ्या साडूंमुळे. राक्षसांच्या राज्यात गावोगावी तलाठी नेमणारा दुसरा कादंबरीकार साऱ्या भूतलावर सापडणार नाही, असे मी ठामपणे म्हणू शकतो. आणि एरवी मी ठामपणे फारसे काही म्हणत नाही.

साडू मोजणी खात्यात होते. दिवसभर लोकांच्या बांधांवरून फीत ओढायची आणि घरी येऊन हातपाय धुतले की उडते घोडे, बोलके डोंगर आणि मायावी किल्ले यांनी भरलेली एक अद्भुत कादंबरी लिहायची, असा त्यांचा नेम. मात्र हातातली फीत त्यांच्या मनातून कधी सुटली नाही. ‘अद्भुत असलं म्हणून काय झालं, साडूभाऊ? मोजल्याबिगर लिहायचं न्हाई,’ असे ते मला बजावीत. राक्षसाची एक ढांग किती हे ठरवण्यासाठी ते एकदा भर बाजाराच्या दिवशी गंजगोलाईत लांबलांब ढांगा टाकीत फिरले. मोजणीचा माणूस दारासमोरून असा चाललेला पाहून एका कापडदुकानदाराच्या तोंडचे पाणी पळाले. ‘रस्ता रुंद करायलेत काय, साहेब? आमचं दुकान किती जाईल?’ त्याने विचारले. ‘भिऊ नका, राक्षसाची ढांग मोजायलोय,’ असा दिलासा साडूंनी दिला. परंतु त्या गृहस्थाला त्याने विशेष धीर आल्याचे ऐकिवात नाही. पुढे लातूर हा वेगळा जिल्हा झाला, उस्मानाबादच्या चकरा वाचल्या, आणि त्याच हर्षात कादंबरीतील राज्याचेही विभाजन झाले. मी भीतभीत कारण विचारले. ‘दक्षिणेकडच्या राक्षसांना कचेरी लई लांब पडत होती, साडूभाऊ. एका शिक्क्यासाठी दोन मुक्काम!’

या राज्याच्या मधोमध एक नदी होती. तिचा उगम सांगायचा तर साडूंच्या लग्नाआधी जावे लागते. माझी मेहुणी नांदेडला गोदावरीच्या घाटाशेजारी वाढलेली. पोहायला ती चालण्याआधी शिकली असे सासरे सांगत. साडू तिला पाहायला आले तेव्हा थोरला जावई म्हणून मीही पोह्यांची बशी घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. ‘मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या,’ असे कोणी तरी म्हणाले, आणि तिने मान वर करून एकच प्रश्न केला, ‘तुमच्या गावात नदी हाय का?’

साडूंनी बराच विचार केला. ‘गावात न्हाई,’ ते म्हणाले, ‘पण लिहून देतो.’

सासऱ्यांना वाटले, पाहुणे स्टँपपेपरवर काही तरी हमी देऊ पाहत आहेत. ‘लिहून कशाला, पाहुणे? तुमचा शब्द बास हाय!’ ते घाईघाईने म्हणाले. मेहुणीला मात्र नेमके कळले असावे, कारण ती हसली आणि लग्न ठरले. कादंबरी त्याच वर्षी सुरू झाली. पहिल्या खर्ड्यात नदी एवढी रुंद होती की राजपुत्राला ती ओलांडायला जहाज लागे. तिच्यात एक जलपरी राहत असे, आणि ती हुबेहूब माझ्या मेहुणीसारखी बोलत असे.

नवा जिल्हा जुना होण्याआधीच पाऊस रुसला. आड आटले, टँकर आले. अशा दिवसांत साडूंनी आपला खर्डा कचेरीतील एका सहकाऱ्याला वाचायला दिला. त्याने तो परत करताना सांगितले, ‘राक्षस पटला, साहेब. उडता घोडा बी पटला. पण वैशाखात भरलेली नदी? कोन खरं मानंल?’ हा घाव साडूंच्या वर्मी बसला. ते फीत घेऊन नांदेडला आले, गोदावरीच्या उघड्या पडलेल्या पात्रात उतरून उरलेली धार मोजू लागले, आणि घाटावरची माणसे काठावर गोळा झाली. परत जाऊन त्यांनी दुरुस्ती केली. दुसऱ्या खर्ड्यात जहाजाची होडी झाली. तिसऱ्यात राजपुत्र धोतर खोचून चालत गेला. पुढच्या खर्ड्यात त्याचे जोडेही भिजले नाहीत, आणि जलपरी आडात राहायला आली.

त्याच उन्हाळ्यात मी लातूरला गेलो होतो. साडू मला ताजे प्रकरण वाचून दाखवत होते: राजधानीत टँकर आला आहे, झुंबड उडाली आहे आणि रांगेत घागर घेऊन जलपरी उभी आहे. तेवढ्यात मेहुणी खऱ्या टँकरवरून दोन घागरी घेऊन दारात आली आणि ऐकत उभी राहिली.

‘ही कोन म्हनायची?’

‘जलपरी,’ साडू म्हणाले.

‘आन् हिची शेपटी?’

‘गर्दीत तुडवली जात होती. काढून टाकली.’

मेहुणीने घागरी खाली ठेवल्या. हात लाल झाले होते. ‘दाजी,’ ती माझ्याकडे वळली, ‘तुम्ही होतात ना तिथं? यांनी लिहून देतो म्हनलं होतं की न्हाई?’

मी जन्मात कोणाची साक्ष दिलेली नाही. पण ‘हाव,’ म्हणालो.

‘मग? टँकर सरकारचा हाय, तिथं माझं काही चालत न्हाई. पण ही नदी माझी हाय. हिला हात लावायचा न्हाई!’

 साडूंनी फीत गुंडाळली, फडताळात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पानापासून कादंबरी पुन्हा लिहायला घेतली. त्या सहकाऱ्याने पुन्हा शंका काढली, तेव्हा माझे नेमस्त साडू त्याला म्हणाले, ‘पटत नसंल तर पोहायला येऊ नका!’

तेव्हापासून दुरुस्ती चालूच आहे. नदी एकदा मोकळी सोडल्यावर काठावरची राक्षसांची गावे उठवावी लागली, त्यांचे पुनर्वसन करण्यातच काही वर्षे गेली. आता साडूंचा हात थरथरतो, तरी एक प्रकरण पुरे झाल्याशिवाय ते उठत नाहीत. मेहुणीचे गुडघे गेले. नांदेडला येणे तिला होत नाही. संध्याकाळी ती खुर्चीत बसते आणि साडू वाचून दाखवतात. मागच्या खेपेस मी पाहिले: घाटाच्या शेवटच्या पायरीचे वर्णन आले, तेव्हा तिने नकळत साडीचा काठ किंचित वर उचलून धरला.

यंदा कादंबरी छापायला द्यायची, असे साडूंनी ठरवले आहे. त्यांना एवढी एकच शंका उरली आहे, आणि ती विचारण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे. वैशाखात दुथडी भरून वाहणारी नदी तुम्हाला पटेल का?