मनीषनगरची बस

इंदूबाई मेश्राम यांनी लकडगंजातल्या धान्याच्या गोदामात पस्तीस वर्षं डाळ निवडली, पण त्या बोलायच्या ते रविवारबद्दल. रविवारी घराजवळून थेट मनीषनगरची बस असे, आणि ती धाकट्या बहिणीच्या, मायाच्या, फाटकासमोरच थांबे. दोघींचे नवरे गेले, मुलं पांगली. त्यांचं उरलंसुरलं माहेर त्या एका बसवर चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी गाड्या जुन्या झाल्या म्हणून ती फेरी बंद पडली. मेट्रो आहे, मोठ्या दिमाखात डोक्यावरून जाते. पण मधली बदलाबदल आणि पुढची पायपीट इंदूबाईंच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि मायाला तर आता धड दिसतही नाही. इंदूबाई अर्ज घेऊन कचेरीत गेल्या. तिथल्या बाबूने समजावलं, की नव्या बससाठी वरून पैसा येतो तो चालू गाड्या मोजून. ज्या शहरात आधीच जास्त, तिथे जास्त.

"म्हंजे जो जेवून उठला, त्यालेच पुन्हा वाढून राहिले तुम्ही?" इंदूबाई म्हणाल्या.

बाबू हसला आणि त्याने अर्ज ठेवून घेतला. इंदूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आमचं शहर काय सवतीचं लेकरू आहे, हे त्या आठवडाभर येईल-जाईल त्याला ऐकवत होत्या.

मग मुलगा प्रेमानंद त्यांना महिनाभर पुण्याला घेऊन गेला. एका रविवारी त्याने आईला बसने फिरायला नेलं. पाच मिनिटांत बस आली, खिडकीही मिळाली. इंदूबाईंना इतकं बरं वाटलं की हात आपसूक फोनकडे गेला. बहिणींची रीतच होती तशी: एकीने बसमध्ये टेकल्याबरोबर फोन करायचा आणि दुसरीने स्टॉपवर जाऊन थांबायचं.

"माया, बसली वं," त्या म्हणाल्या.

पलीकडून "हो बाई" आलं आणि फोन बंद झाला. आपण काय करून बसलो हे इंदूबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी पुन्हा पुन्हा फोन लावला. चौथ्यांदा मायाने उचलला तेव्हा मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"स्टॉपवर आली मी, बाई. पुन्यावून कवा आली तू? आन् आपली बस सुरू झाली, मले सांगतलं बी नाही."

"मी पुन्यातच आहो, माया. इथल्या बसमध्ये बसली. सवयीनं निघून गेलं तोंडातून."

इंदूबाईंना रडू आवरेना. त्या घडीला त्यांना बहिणीशेजारी जाऊन बसायचं होतं, दुसरं काही नको होतं. मागच्या काचेतून त्याच नंबरची दुसरी बस येताना दिसत होती, अर्धी रिकामी.

"असू दे, बाई," माया म्हणाली. "आलीच आहो त बसतो थोडा वेळ."