फ्रेमवाल्याचं मृत्युपत्र

आमच्या रस्त्यावर फोटोला चौकट करून देणारा एकच, म्हणून त्याला सगळे फ्रेमवालाच म्हणतात. माझं चष्म्याचं दुकान त्याला लागून. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडे काच कापल्याची चरचर सुरू झाली की इकडे फळ्यावरची अक्षरं वाचणारं माझं गिऱ्हाईक दचकतं.

हाताला माणूस एक नंबर. लाकडी पट्टीचे तुकडे तिरके कापून असे जोडेल की सांध्यात नख शिरायचं नाही. पण काम लोकाचं असेल तर! स्वतःचं काम म्हटलं की याचं घोडं अडलंच म्हणून समजा. मृत्युपत्राच्या बाबतीत तर ते घोडं बसलंच होतं.

दुकानाच्या मागे त्याचं घर. अगदी मागच्या खोलीत त्याची थोरली बहीण राहते. तिला सगळा रस्ता ताई म्हणतो. घर वडिलांचं. ते गेले तेव्हा ताईनं आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही केली. "नुसतं कागदोपत्री आहे गं, घर काय तुझंच आहे," असं हा म्हणाला आणि तिनं न वाचता सही ठोकली. पुढं तिनं लग्न केलं नाही. भावजय अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं केलं, ती गेल्यावर भाच्याला वाढवलं. शिवाय दुकानात काचा पुसायच्या, मागचे पुठ्ठे चिकटवायचे, माल आला-गेला की सही करायची, हे चालूच. भाचा आता परगावी नोकरीला. फोनवर विचारतो, "बाबा, घर विकून इकडेच का येत नाही?" पोरगा वाईट नाही. पण त्या बेतात आत्याला कुठं ठेवायचं, हे त्यानंही विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही.

मी मात्र याचं डोकं खाल्लं. "अरे, लिहून ठेव काहीतरी. उद्या तुझं बरंवाईट झालं तर ताई कुठं जाईल?"

"करतो रे. एवढी ऑर्डर जाऊ दे."

ऑर्डर गेली की याची पाठ धरायची. पाठ सुटली की वकीलबाई नेमक्या रजेवर असायच्या. मी वैतागून याच्याशी बोलणं टाकलं. चहा तेवढा एकत्र पीत होतो, न बोलता.

मग एक दिवस एक बाई भली मोठी फ्रेम घेऊन आली. भावाचा फोटो होता. ही लहान करून द्या म्हणाली. मी तेव्हा तिथंच उभा होतो.

"बाई, इतकी चांगली फ्रेम कापायला सांगताय?" फ्रेमवाला म्हणाला.

"काय करू हो, नव्या खोलीत मावत नाही. भाऊ गेला आणि भाच्यांनी मला घर रिकामं करायला लावलं."

मागे ताई काच पुसत होती. तिचा हात थांबला नाही. "बसा ना, पाणी आणते," म्हणाली आणि आत गेली. फ्रेमवाला पट्टी हातात धरून नुसता उभा. ताई पाणी घेऊन आली तरी त्यानं मान वर केली नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. "तिचा हिस्सा मी गिळला रे," म्हणाला. "वर तिच्याकडूनच काचा पुसून घेतोय. तिच्या तोंडाकडे बघवत नाही मला." मी धीर द्यायला हवा होता. पण माझी जीभ मुळात तिखट. "मग बघू नकोस, उद्या वकिलाकडे जा," म्हणालो.

आणि गेला की खरंच! अर्धं घर ताईच्या नावे, अर्धं मुलाच्या, असा कागद करून आणला. आता दोन साक्षीदार हवे होते. त्यानं मला हाक मारली आणि मागे वळून, रोज माल आल्यावर सांगतो तसं सांगितलं, "ताई, इथं जरा सही कर." ताईनं हात पुसले, सही केली आणि परत कामाला लागली. तिच्या सहीखाली मीही शहाण्यासारखी माझी सही ठोकली.

वकीलबाईंनी कागद बघून कपाळाला हात लावला. "अहो, ज्यांना घर देताय त्यांनाच साक्षीला घेतलंत? उद्या कुणी यावर बोट ठेवलं तर त्यांच्या हातात काय राहील? परत करा सगळं."

बाहेर आल्यावर तो पायरीवरच बसला. "सहीचं सोड," म्हणाला. "मी तिला वाच म्हटलंच नाही. पुन्हा तेच केलं रे मी, पुन्हा तेच." मी त्याला हात देऊन उठवलं.

नव्या कागदावर समोरच्या औषधवाल्यानं आणि मी सही केली. आता ताईला वाचून दाखवायचंच, असं त्यानं ठरवलं. एकट्याची हिंमत होईना, म्हणून मला ओढत नेलं. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्या खोलीत पहिल्यांदा गेलो. ताई पलंगावर बसली. त्यानं उभ्यानं सगळा कागद वाचला.

"अर्धं घर तुझं, ताई. आता तुला इथून कुणी काढू शकणार नाही."

"कधीपासून?"

"म्हणजे... मी गेल्यावर."

"अरे, मी थोरली ना तुझ्यापेक्षा?" ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

त्यानं कागदाची घडी घातली, परत उलगडली. एवढी अक्कल पाजळली, पण इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात शिरली नव्हती.

आम्हाला अवघडलेलं बघून ताईनंच विषय बदलला. "बरं, ते होईल तेव्हा होईल. तोवर एक विचारू? इथं भिंतीत एक खिळा ठोकला तर चालेल का?"

मी भिंतींकडे बघितलं. चारही कोऱ्या. फ्रेमवाल्यानं स्वतः मढवलेला आईवडिलांचा फोटो पलंगामागे जमिनीवर टेकवून ठेवला होता, वर एक फडकं टाकून.

"अहो ताई, मग इतके दिवस का नाही ठोकलात?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या भिंतीला भोक कशाला पाडायचं?"

फ्रेमवाला मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. ताई घाबरली. पलंगावरून उतरून त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नाही ठोकत रे, नाही ठोकत. तू रडू नकोस."