लिहिलेलं दिसेना

आमच्या हिला बऱ्याच वर्षांनी नोकरी लागली, तीही महिनाभर काम बघून ठेवू या अटीवर, आणि तो महिना आज संपत होता. मी पंख्यांच्या मोटारी भरणारा माणूस. तांब्याची तार सोडली तर मला कशातलं काही कळत नाही.

तिचं काम म्हणजे एका दवाखान्याच्या औषधभांडाराचा जुना प्रोग्राम, पायथन नावाच्या संगणकी भाषेतला. बटण निवडलं की ते काय करतं याचं वर्णन पडद्यावर उमटायला हवं. हे वर्णन वेगळं कुठे ठेवायचं नाही; त्या त्या कामाच्या पोटातच लिहायचं आणि प्रोग्रामने चालता चालता ते वाचून दाखवायचं. ‘ही क्लासमधली मेथड,’ ती मला समजावत होती. क्लास म्हटलं की मला शिकवणी आठवते. मी आपली मान डोलावली.

दुपारी तिच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई काम तपासणार, आणि सकाळी प्रत्येक बटणापुढे एकच शब्द: ‘नन’.

‘नन म्हणजे काय गं?’

‘काही लिहिलेलंच नाही, असं म्हणतोय तो.’

‘लिहिलंयस की. मला इथून दिसतंय.’

‘मलाही दिसतंय हो. त्याला दिसत नाही.’

माझं डोकंच चक्रावलं. ‘मशीनच बदल,’ मी वैतागून म्हणालो. तिने असं पाहिलं, की मी मुकाट्याने चहा टाकायला उठलो.

परतलो तर ही कपाळाला हात लावून बसलेली. हिची जन्माची खोड, आधी काम उरकायचं आणि मग सांगायचं. इथेही तिने कामाची ओळ आधी लिहिली होती, वर्णन तिच्याखाली. पायथनला म्हणे वर्णन अगदी पहिलं लागतं, नाहीतर तो ते धरतच नाही. का, ते मला अजून उमगलेलं नाही. तिने सगळी वर्णनं वर सरकवली आणि ती पडद्यावर दिसू लागली.

दुपारी बाई त्यांच्या घरून हाच पडदा बघत होत्या. ‘छान, छान’ करत ‘शिल्लक जुळवा’ या बटणापाशी आल्या आणि थबकल्या. तिथे तिने वर्णनाच्या जागी स्वतःपुरतं लिहिलेलं वाक्य उमटलं होतं: ‘हे कसं चालतं, देव जाणे. हात लावू नये.’

गेली नोकरी, मला वाटलं. फार वाईट वाटलं.

बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग म्हणाल्या, ‘तो भाग मीच लिहिलाय. मलाही आता कळत नाही. सोमवारी जरा लवकर या, दोघी मिळून बघू.’