नाडी नसलेला मल्लाप्पा

तहसीलदारसाहेबांनी माझंच सर्टिफिकेट माझ्या नाकासमोर धरलं. "डॉक्टर, ही सही तुमचीच का?"

"जी."

"यात लिहिलंय, चपराशी मल्लाप्पाची नाडी लागत नाही, हालचाल जिवाला धोक्याची, तीन हप्ते बिस्तरावर पडून आराम."

"जी."

"काल नळदुर्गच्या जत्रेत यानं दोन पैलवान चीतपट केले. फेटा मीच बांधला. बांधल्यावर तोंड ओळखलं!"

निजामाचं राज्य होतं, चाळीसनंतरची वर्षं. हैदराबादेत शिकून मी नुकताच तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात लागलो होतो. साहेबांचा शेरा वर गेला असता तर खोटं सर्टिफिकेट दिलं म्हणून नोकरी गेलीच होती.

पण सर्टिफिकेट खोटं नव्हतं. मल्लाप्पा कण्हत आला, तेव्हा मी दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली होती. काही नाही. छातीला नळी लावली तर ठोके बैलासारखे. हे गणित मला सुटेना. घाबरून मी आराम लिहून दिला.

"बोलवा त्याला," मी म्हणालो. "आपल्यासमोर तपासतो."

मल्लाप्पा आला. मान खाली, पण छाती दाराएवढी. मी अंगठ्याच्या बाजूला, मनगटावर बोटं दाबली. नाडी नाहीच.

साहेब उठले. त्यांनी स्वतः बोटं ठेवली, डोळे मिटले. मग दचकून हात मागं घेतला. "या अल्ला! याची नब्ज खरंच नाही!"

"व्हय साहेब," मल्लाप्पा नम्रपणे म्हणाला. "ल्हानपनापासून न्हाय. वैदानं तर घरच्यांना रडाय सांगितलं हुतं. म्या उठून भाकर मागितली."

दारात कारकून गोळा झाले. एकजण रामराम म्हणू लागला.

त्या गडबडीत मला आमचे शरीररचनेचे मास्तर आठवले. त्यांनी एकदा टेबलावर मेलेल्या वानराचा हात आणि माणसाचा हात शेजारी उघडून ठेवले होते. रक्तवाहिनीची वाट दोन्हीकडं थोडी थोडी बदलते, हे दाखवायला. म्हणायचे, "माकड असो की माणूस, शिरा पुस्तक वाचून वाढत नाहीत." एखाद्याची मनगटाची धमनी, म्हणजे आपण जिला नाडी म्हणतो ती, मनगटाच्या आधीच वळून हाताच्या पाठीवर जाते. अशी धमनी लाखात एक इतकी दुर्मिळ नव्हे, पण क्वचितच सापडते.

मी मल्लाप्पाचा हात उलटा केला. अंगठ्यामागं कातडी टपटप उडत होती. लांबून दिसावी इतकी!

"साहेब, इथं बघा."

साहेबांनी बोट ठेवलं. चेहरा बदलत गेला. "म्हणजे नब्ज आहे?"

"आहे. फक्त जागा बदललीय."

"बदली?" साहेब गरजले. "सरकारी हुकमाशिवाय?"

कारकून हसले. मला हसायचं धाडस झालं नाही. मी मल्लाप्पाकडं वळलो. "तुला ठाऊक होतं?"

"व्हय जी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाय. समद्या डाक्टरांनी हितंच बोट ठिवलं, अन् समद्यांनी रजा दिली. शिकल्यासवरल्या मानसाला म्या काय शिकवू?"

तालुक्यातल्याच आणखी तीन डॉक्टरांची जुनी सर्टिफिकेटं दप्तरातून निघाली. तिन्हींत तोच मजकूर, तिन्ही जत्रेच्या तोंडावरची. ती वाचून साहेबांचा राग माझ्यावरून उतरला. चौघांना एकदम काढलं असतं तर तालुक्याला औषध कोण देणार? मला तोंडी समज मिळाली. मल्लाप्पाची रजा रद्द झाली. पण साहेबांना कुस्तीचा शौक होता. पुढच्या वर्षीपासून जत्रेच्या दिवसांत त्याला सरकारी कामावर नळदुर्गलाच पाठवायचं ठरलं.

पुढं तीस वर्षं मी नोकरी केली. जडलेली सवय एकच. दणकट माणूस आजारी म्हणून आला, की नाडी बघण्याआधी त्याचे कान बघायचे. पैलवानाचे कान मातीत घासून चुरगळलेले असतात. आणि कान काही कुणी रजेसाठी लपवून आणत नाही.