मोटारस्टँडासमोरची खानावळ

महाराष्ट्र नवानवा झाला होता तेव्हाची गोष्ट. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं, मूलबाळ नव्हतं. जळगाव जामोदला मोटारस्टँडासमोर आमचं दोन खोल्यांचं घर. धाकटा भाऊ अमडापूरहून यायचा आणि तेच दळण दळायचा, "ताई, एकटी काऊन राहून राह्यली तू? चाल आमच्याकडं." मी पडले तापट. म्हटलं, खानावळ काढते. दिवाळीपर्यंत चालली नाही, तर घराला कुलूप लावून तुझ्या दारी येईन. बोलून बसले खरी.

डोळे झाकून उडी घेतली नव्हती बरं. आठ दिवस पाण्याची कळशी घेऊन स्टँडवर गेले. उतारूंना पाणी द्यायचे आणि विचारायचे, "समोरच घरचं गरम जेवण भेटलं तर जेवसान का?" जो तो म्हणे, "हाव बाई, काऊन नाही!" मी हुरळून गेले. प्रत्येकाच्या मांडीवर भाकरीचं फडकं होतं, ते काही दिसलं नाही. दिसलं असेल, बघायचं नव्हतं.

खानावळ उघडली. रोज वरण, वांग्याची भाजी, दहा माणसांच्या भाकरी. लोक आले की! बसले, आपापली फडकी सोडली आणि म्हणाले, "बाई, पाणी देजा थोडं." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. धर्मशाळा आहे का ही? पण पाणी द्यायचेच. चार तोंडं समोर बोलती असली की बरं वाटायचं. ती उठून गेली की उरलेल्या भाकरी गाईपुढे टाकायचे. मला एकटीला घास उतरत नसे.

दिवाळी आठवड्यावर आली. डोंगराकडच्या गावची एक म्हातारी भाकरीचं फडकं सोडून बसली. स्टँडवर तिनंही मला होकार दिला होता, पक्कं आठवत होतं. मी फटकन म्हटलं, "आजी, तवा तर मोठ्या तोंडानं हाव म्हटलं होतं!"

"काय करू वं माय? इतक्या आशेनं इचारलं तुनं, नाही कसं म्हनू? भाकर तर समद्याइजवळ हाये. तुलेच एकटीले जेवन जात नाही." अर्धी भाकर मोडून तिनं माझ्या हातावर ठेवली. "बस इथं."

मी बसले. रडू आवरेना. किती महिन्यांनी कुणासोबत जेवत होते! साऱ्या स्टँडात खानावळीची गरज एका मलाच होती, आणि साऱ्या जगाला विचारून मी तेवढं स्वतःला विचारलं नव्हतं. तेवढ्यात मोटार लागली. म्हातारी तोंडातला घास तसाच घेऊन पळाली.

दिवाळीला बोलल्याप्रमाणे कुलूप लावलं. अमडापूरला भावाचं घर पोरासोरांनी भरलेलं. पहिल्याच दिवशी भावजयीनं पाट मांडला, ताट वाढलं. एकच.

"अवं, समदे संगंच बसू ना," मी म्हटलं.

"छे माय! पाहुण्या बाईले ताटकळत ठेवू का?"

तिची माया खोटी नव्हती. मला निवांत जेवता यावं म्हणून तिनं पोरांनाही अंगणात हाकललं, दार लोटून घेतलं, आणि मी त्या पाटावर एकटी जेवले.