गोधडीचा मोकळा कोपरा

मैत्रिणींनो, कालचं तुमचं कौतुक मला परत करायचंय.

माझ्या लेकीच्या, इराच्या लहानपणच्या कपड्यांच्या गोधडीचा फोटो टाकून मी लिहिलं होतं, "घर, ऑफिस सांभाळून शिवली!" साफ खोटं. ती शिवली इथे मस्कतमध्ये, आमच्या घुब्राच्या बिल्डिंगमधल्या रत्नागिरीच्या खालांनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मावशींनी. मी फक्त कपड्यांची पिशवी त्यांच्या दारात ठेवून ऑफिसला पळाले होते.

आज सकाळी इराला स्कूल बसला सोडायला निघाले, तर लिफ्टमध्ये खाला भेटल्या. "काय गो, तो कोपरा शिवलास का? मुद्दाम मोकळा ठेवलाय. म्हटलं, आईचा हात लागू दे."

कोपरा? मला माहीतच नव्हतं. "हो, कधीच शिवला," मी म्हणाले.

बस आली. चढताना इरा म्हणाली, "मम्मा, तू खालाला पण खोटं बोलली."

आत्ता ऑफिसमधून येऊन गोधडी उलगडली. पिवळ्या झबल्यापाशी वीतभर शिवण मोकळी आहे, दोरा तसाच लोंबतोय. कालच्या फोटोतही तो स्पष्ट दिसतो. जिने शिवली असती, तिला दिसला नसता का?

सुई ओवून बसलेय. सांगा, आधी कोपरा शिवू, की आधी खालांचं दार वाजवू?